शून्याखालचे पाणी

गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले पैठण हे फार प्राचीन नगर आहे. एके काळी ते सातवाहन राजांच्या राजधानीचे ठिकाण होते. त्या काळी त्याला प्रतिष्ठान असे म्हणत. पुढे संत एकनाथांच्या वास्तव्याने ते पावन झाले. याच पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे मोठे मातीचे धरण बांधलेले आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणामागे पसरलेल्या विस्तीर्ण जलाशयाला एकनाथ महाराजांच्या स्मरणार्थ ‘नाथसागर’ असे नाव मिळाले.

नाथसागरात आज किती पाणी आहे, हा प्रश्न त्या मुलखात घरोघरी विचारला जातो. वर्तमानपत्रात त्याचे उत्तर टक्क्यांत छापून येते. ते एका दृष्टिक्षेपात वाचता येते. पण नीट समजले नाही तर केवढा घोटाळा होतो, हे पुढील गोष्टीवरून दिसेल. गोष्टीतील आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून सुटसुटीत घेतले आहेत.

पैठण तालुक्यातील एका गावी एका आजोबांची मोसंबीची बाग होती. जून महिन्याचा तिसरा आठवडा लागला होता. शाळा उघडल्या होत्या, पण पावसाचा थेंब नव्हता. कालव्याचे पाणी केव्हाच बंद झाले होते आणि विहिरीने तळ गाठण्यास आरंभ केला होता. आजोबांची दृष्टी अधू झाली होती. म्हणून त्यांची नात रोज सायंकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे.

सोमवारी तिने वाचले, “नाथसागराचा उपयुक्त साठा उणे २.५ टक्के.” गुरुवारी वाचले, “उणे २.७५ टक्के.” ती आनंदाने म्हणाली, “आजोबा, सोमवारी अडीच होते, आज पावणेतीन झाले. पाणी वाढते आहे!”

आजोबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “वर नाशिककडे पाऊस पडला असेल. आता कालव्याला पाणी सुटायला वेळ लागणार नाही. पोरी, विहिरीत राहिलेले सगळे पाणी परवा बागेला देऊन टाकू. झाडे तरी टवटवीत होतील.”

रात्री नात अंथरुणावर पडली, पण तिचे मन स्वस्थ नव्हते. आकड्यामागे ‘उणे’ हा शब्द होता आणि तो आपण जणू वाचलाच नाही, असे तिला वाटू लागले. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने गुरुजींना विचारले, “गुरुजी, उणे पावणेतीन ही संख्या उणे अडीचपेक्षा मोठी की लहान?”

गुरुजींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी वर्गालाच विचारले, “एका माणसाजवळ काही नाही आणि शिरावर शंभर रुपयांचे कर्ज आहे. दुसऱ्याजवळही काही नाही आणि त्याच्या शिरावर पाचशे रुपयांचे कर्ज आहे. दोघांपैकी कोणाची स्थिती बरी?”

“शंभरवाल्याची!” मुले एका सुरात म्हणाली.

“अगदी बरोबर. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त नावाच्या थोर गणित्याने ब्राह्मस्फुटसिद्धान्त हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने शून्याहून मोठ्या संख्यांना धन आणि शून्याहून लहान संख्यांना ऋण म्हटले व त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सांगितले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. हे शब्द आपण आजही वापरतो. कर्ज जितके मोठे, तितका माणूस खाली. म्हणून उणे पाचशे ही संख्या उणे शंभरपेक्षा लहान आहे.”

मग गुरुजींनी फळ्यावर एक उभी रेषा काढली. मध्यभागी शून्य लिहिले. वर १, २, ३ आणि खाली –१, –२, –३ असे अंक मांडले. ते म्हणाले, “ही संख्यारेषा आहे. पुस्तकात ती आडवी असते. तेथे उजवीकडची संख्या मोठी, डावीकडची लहान. आपण पाण्याविषयी बोलत आहोत, म्हणून ती उभी केली. येथे वरची संख्या मोठी, खालची लहान. आता –२.५ आणि –२.७५ कोठे येतील, ते दाखव.”

नात फळ्याजवळ गेली. –२ आणि –३ यांच्या बरोबर मध्ये तिने –२.५ ची खूण केली. –२.७५ ची खूण तिला त्याच्याही खाली करावी लागली. खडू हातात तसाच धरून ती उद्गारली, “म्हणजे पाणी वाढले नाही, आणखी उतरले!”

“होय,” गुरुजी म्हणाले. “आणि हा पाव टक्का क्षुल्लक समजू नका. नाथसागराचा उपयुक्त साठा पूर्ण भरला म्हणजे २,१७१ दशलक्ष घनमीटर होतो. त्याचा पाव टक्का म्हणजे ५४ लाख घनमीटरांहून अधिक पाणी.”

एका मुलाने शंका काढली, “पण गुरुजी, पाणी शून्याच्या खाली कसे जाईल? शून्य म्हणजे तर काहीच नाही.”

“तळे कोरडे पडले म्हणजे शून्य, असे तुला वाटते, पण शून्य कोठे धरायचे, हे माणसे ठरवतात,” गुरुजींनी समजावले. “धरणाच्या तळाशी काही पाणी असे असते की, ते नेहमीच्या वाटेने कालव्यात वाहत नाही. त्याला मृतसाठा म्हणतात. नाथसागरात तो सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटर आहे. त्याच्या वरचे पाणी तो उपयुक्त साठा. टक्के मोजताना शून्य धरले जाते ते मृतसाठ्याच्या माथ्यावर. दुष्काळात पिण्यासाठी मृतसाठ्यातलेही पाणी उपसावे लागले की आकडा उणे होतो. हेच पाणी समुद्रसपाटीपासून मोजले, तर आकडा कधीच उणे होणार नाही. नाथसागर काठोकाठ भरला, म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट असते. पाणी तेच, शून्य बदलले की आकडा बदलतो.”

“मग तो उणे शंभरपर्यंत जाईल का?”

“तुम्हीच हिशेब करा. ७३८ ला २,१७१ ने भागा.”

मुलांनी भागाकार केला. उत्तर सुमारे ०.३४ आले. म्हणजे मृतसाठ्यातला शेवटचा थेंब संपला, तरी नाथसागराचा आकडा सुमारे उणे ३४ टक्क्यांच्या खाली जाऊ शकत नाही. गुरुजींनी आणखी सांगितले, “सोलापूर जिल्ह्यात भीमेवर उजनी धरण आहे. त्याचा मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षाही मोठा आहे. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला, तरी धरणात पाणी उरले होते.”

त्यानंतर गुरुजींनी मुख्य गोष्ट सांगितली. “नातीची चूक कशी झाली? तिने एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला दिले. संख्येविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. पहिला : कोणती संख्या मोठी? दुसरा : कोणती संख्या शून्यापासून अधिक दूर? संख्येचे शून्यापासूनचे अंतर म्हणजे तिचे केवलमूल्य. ते दोन उभ्या रेघांमध्ये लिहितात. |–२.७५| = २.७५ आणि |२.७५| = २.७५. अंतर कधीच उणे नसते. घरापासून पूर्वेला दोन कोस गेलात काय किंवा पश्चिमेला दोन कोस गेलात काय, चालणे दोन कोसांचेच. –२.७५ चे केवलमूल्य –२.५ च्या केवलमूल्यापेक्षा मोठे आहे. आणि नेमक्या त्याच कारणाने –२.७५ ही संख्या लहान आहे.”

“मग केवलमूल्याचा उपयोग काय?” नातीने विचारले.

“पाणी चढले की उतरले, हे क्रमावरून कळते. उपयुक्त साठा सुरू होण्यासाठी आणखी किती पाणी यायला हवे, हे केवलमूल्यावरून कळते. आज पावणेतीन टक्के पाणी येईल, तेव्हा कोठे शून्य गाठले जाईल. शेतकऱ्याला दोन्ही उत्तरे हवी असतात.”

शेवटी गुरुजींनी अपूर्णांकांचे एक उदाहरण घातले. विहिरीच्या भिंतीवर चुन्याची खूण आहे. तिला शून्य मानू. पाच दिवशी पाण्याची पातळी हातांत मोजली, ती अशी : –३/४, १/२, –५/६, ०, –२/३. या साऱ्या परिमेय संख्या आहेत, कारण त्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता येतात आणि त्यांचा छेद शून्य नाही. शून्य देखील ०/१ असे लिहिता येते. आता त्यांचा चढता क्रम लावायचा होता.

छेद निरनिराळे असल्यामुळे मुलांनी आधी ते समान करून घेतले. २, ३, ४ आणि ६ या सर्वांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या १२. म्हणून संख्या झाल्या : –९/१२, ६/१२, –१०/१२, ०, –८/१२. आता केवळ अंश पाहायचे. चढता क्रम झाला : –५/६, –३/४, –२/३, ०, १/२. मग त्यांनी केवलमूल्यांचा चढता क्रम लावला : ०, १/२, २/३, ३/४, ५/६. दोन्ही ओळी शेजारी ठेवताच सर्वांच्या ध्यानात आले की, ऋण संख्यांचा क्रम केवलमूल्यांच्या ओळीत नेमका उलटा झाला आहे.

शाळा सुटताच नात धावत घरी गेली. तिने आजोबांना अंगणात बसवले, काठीने मातीत संख्यारेषा ओढली आणि त्यांचा हात धरून दोन्ही खुणांवरून फिरवला. आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बरे झाले, उद्या नाही कळले, आज कळले.” त्यांनी सगळे पाणी एकदम देण्याचा बेत सोडला. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन केले आणि विहिरीचे पाणी थोडे थोडे, बेताने पुरवून वापरले.

नाथसागराचे भाग्य पुष्कळदा वरच्या भागातील पावसावर अवलंबून असते. २०१९ च्या उन्हाळ्यात तो मृतसाठ्यात गेला होता. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाशिककडे झालेल्या मोठ्या पावसाने तो भरत आला. आजोबांच्या गावीही त्या वर्षी पाऊस उशिरा आला, तरी गोदावरीला पूर आला. एका सायंकाळी नातीने वाचले, “उपयुक्त साठा उणे १.५ टक्के.”

आजोबांनी तिची परीक्षा घेण्यासाठी विचारले, “पूर्वी पावणेतीन होते, आता दीड झाले. म्हणजे पाणी कमी झाले का ग?”

नात हसून म्हणाली, “नाही आजोबा. कमी झाले ते शून्यापासूनचे अंतर. पाणी वाढले आहे.”

स्वाध्याय

१. नातीने प्रथम कोणती चूक केली? तिच्यामुळे आजोबांचे कोणते नुकसान झाले असते?
२. ‘शून्य कोठे धरायचे, हे माणसे ठरवतात’ हे विधान धरणाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. चढता क्रम लावा : –१/२, २/५, –३/५, ०, –७/१०. नंतर त्यांच्या केवलमूल्यांचा चढता क्रम लावा.
४. ज्यांचे केवलमूल्य ३/४ आहे, अशा दोन संख्या सांगा. त्यांतील मोठी कोणती?
५. तुमच्या जवळच्या धरणातील पाण्याचा आकडा आठवडाभर लिहून ठेवा व तो संख्यारेषेवर दाखवा.