आतली धग

अगं, काल फोनवर म्हणालीस, "ताई, बाटल्या चढतायत, न्यूमोनिया थांबलाय, मग अंग का कसकसतं? माझ्याच मनाचे खेळ असतील." त्या शेवटच्या वाक्यानं मला रात्रभर झोप नाही. मनाचे खेळ नाहीत हे.

सीव्हीआयडीचं, म्हणजे प्रतिपिंडं कमी पडण्याच्या या आपल्या आजाराचं, निदान होऊन मला बारा वर्षं झाली. मलाही वाटायचं, प्रतिपिंडं कमी आहेत ना, बाहेरून भरली की झालं. बाटली फ्रिजमधून काढून ठेवायची, हलवायची नाही, फेस येतो. मग सिस्टर आधी अगदी थेंब थेंब सोडणार. हजारो लोकांच्या प्लाझ्मातून काढलेलं ते आयजीजी, प्रतिपिंडांचा एक प्रकार. त्यानंच तर आपण तगलोय. पण आयजीए हा दुसरा प्रकार त्यात नावापुरताच असतो, आणि आतड्याच्या उंबरठ्यावर राखण असते ती आयजीएची. ती नसली की जंतूंचे बारीक अंश रक्तात झिरपू शकतात. त्यांची चाहूल लागली की मोनोसाइट आणि टी पेशी इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडून एकमेकींना हाका घालतात, आणि आपल्यातल्या काहींच्या अंगात त्या हाका थांबतच नाहीत. हीच ती आतली धग.

एवढ्यानं सगळं कोडं सुटत नाही. ऑग्डेन ब्रूटननी १९५२ साली ज्या आजाराची नोंद केली, त्यात प्रतिपिंडं जवळपास नसतातच, तरी तिथे ही धग सहसा आपल्यापेक्षा कमी दिसते. तो आजार असलेल्या मुलांच्या रक्तात बी पेशीच जवळजवळ नसतात. आपल्याकडे बहुधा असतात, पण अर्धवट घडलेल्या, आणि त्यातल्या काही आपल्याच शरीरावर उलटतात. काही अंशी म्हणूनच कुणाच्या प्लेटलेट घसरतात, कुणाची प्लीहा वाढते, कुणाच्या फुप्फुसात गाठी होतात.

माझं आतडं बिघडलं होतं. दोन वर्षं जुलाब. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. गव्हाची अ‍ॅलर्जी आहे का म्हणून रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. अगं, ती तपासणी प्रतिपिंडांची! जिच्या अंगात ती नीट बनतच नाहीत, तिच्या रक्तात दिसणार कुठून? शेवटी बायोप्सी झाली. तुकड्यात प्लाझ्मा पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्या दिवशी मी रडले, पण सुटल्यासारखं वाटून.

तेव्हा टायफॉइडच्या विडाल चाचणीचा किंवा डेंग्यूच्या प्रतिपिंडांचा रिपोर्ट कुणी पुढे केला तर लगेच आपला हा आजार सांग. बाटलीनंतर दुसऱ्यांची प्रतिपिंडं तुझ्या नावावर पॉझिटिव्ह दिसू शकतात. आणि मावशीनं पाठवलेला गुळवेलीचा काढा कपाटातच राहू दे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. आपली प्रतिकारशक्ती नुसती दुबळी नाही, भडकलेलीही आहे. ती चेतवायची कशाला? स्टेरॉइडही मनानं घेऊ नकोस, मनानं बंदही करू नकोस.

मंगळवारी बाटली आहे ना तुझी? तोवर रोज संध्याकाळचा ताप आणि आठवड्याचं वजन वहीत लिही. सीबीसी, पोटाची सोनोग्राफी आणि फुप्फुसांची तपासणी शेवटची कधी झाली, हे डॉक्टरांना विचार. तो अंग कसकसण्याचा प्रश्नही त्यांच्यासमोर बोल, माझ्याशी बोललीस तस्साच.