अंगणातल्या झाडांवरील कीड-रोग: पावसानंतर काय करावे

पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की अंगणातल्या झाडांच्या तक्रारी सुरू होतात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी, सप्तपर्णीच्या पानांवर गाठी. मग कपाशीचे उरलेले औषध अंगणात मारले जाते. तसे कृपा करून करू नका. अंगणात मुले खेळतात, जास्वंदीची फुले देवाला वाहिली जातात, जवळच विहीर किंवा पाण्याची टाकी असते.

जास्वंदीवरचे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ही कीड कोवळ्या शेंड्यातला रस शोषते, पाने चुरगळतात, कळ्या गळतात. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर काळी काजळी वाढते आणि त्याच गोडव्यासाठी मुंग्या येतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी शेंडे तपासा. मुंग्या मित्रकीटकांना हुसकावतात, म्हणून त्यांची वाट तोडणे हा पहिला उपाय. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

चुरगळलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, खतखड्ड्यात टाकू नका. उरलेल्या झाडावर नळीने जोरात पाणी मारा. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा. कापसासारख्या पिशवीतली अंडी या फवाऱ्याने मरत नाहीत, त्यातून आठवडाभरात पिल्ले निघतात. म्हणून आठ दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. ती चुकली की आधीची मेहनत वाया जाते. हवेत दमटपणा असेल तर लेकॅनिसिलियम ही जैविक बुरशी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात चांगले काम करते, पण तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळू नये.

फवारणीआधी एक खात्री मात्र करा. पुंजक्यात पिठ्या ढेकणापेक्षा मोठी, लांब पांढरे धागे असलेली अळी दिसली तर तिला काडीने हलकेच स्पर्श करा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी मात्र चटकन चालू लागते. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी. हा मित्रकीटक १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि पिठ्या ढेकूण हेच त्याचे खाद्य. तो दिसला तर फवारणी थांबवा, काम त्याच्यावर सोपवा.

चाफ्यावरची नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. थंडीत चाफा आपोआप पानगळ करतो, त्यामुळे आता औषधावर पैसे घालवू नका. गळलेली पाने रोज गोळा करून पुरून टाका. सप्तपर्णीच्या गाठींत कीड आत बंद असते, वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. गाठी जास्त असलेल्या डहाळ्या छाटा. झाड त्याने मरत नाही.

खरी काळजी गुलमोहराची. खोडाच्या तळाशी लाकडासारखे टणक, तपकिरी अर्धगोल छत्र उगवले असेल तर ती गॅनोडर्मा बुरशी आहे. मुळे व बुंधा आतून कुजत असतात, वरची पाने मात्र बरेच दिवस हिरवी राहतात. या टप्प्यावर कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. असे झाड पुढच्या वळवाच्या वाऱ्यात घरावर किंवा रस्त्यावर पडू शकते. जाणकाराला दाखवा. शहरात तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आधी घ्या.

निरोगी गुलमोहराच्या बुंध्याशी काँक्रीट घालू नका, खोडात खिळे ठोकू नका. बुरशीला जखमेतूनच वाट मिळते. मोठी फांदी छाटलीच तर कापावर बोर्डो मलम लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, दोन्ही मिळून लिटरभर पाण्यात एकत्र करा. त्यात लोखंडी सुरी क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घाला. मलम त्याच दिवशी वापरा.