वेशसंयोजनाचे शिक्षण
वस्त्र शिवणे व वेश जुळविणे ही दोन भिन्न कामे होत. व्यक्ती, प्रसंग व काळ पाहून वस्त्रे, अलंकार आणि केशरचना यांचा मेळ घालणे, यास फॅशन स्टायलिंग अथवा वेशसंयोजन म्हणतात. याचा पाया अभ्यासाचा आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कलाशिक्षण घेतले. ‘गांधी’ चित्रपटात बॅरिस्टरच्या कोटापासून खादीच्या पंचापर्यंतचे स्थित्यंतर वेशातून दिसते; त्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले.

म्हणूनच प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमात रेखाटन, रंगविचार, वस्त्रज्ञान व वेशभूषेचा इतिहास आहे काय, प्रत्यक्ष कामाचा सराव मिळतो काय, हे शिक्षकांनी पालकांसह अवश्य तपासावे. केवळ झगमगाटाला भुलून मिळविलेले प्रमाणपत्र उपजीविकेस पुरे पडत नाही.