आरोग्यविम्याचे गणित



घरातले एखादे माणूस इस्पितळात दाखल झाले, की दोन चिंता एकदमच दारात येऊन उभ्या राहतात. एक आजाराची आणि दुसरी बिलाची. पहिल्या चिंतेचे निवारण डॉक्टर करतात. दुसरीसाठी कुणी दागिने गहाण टाकते, कुणी जमिनीचा तुकडा विकते, तर कुणाच्या मुलाचे पुढचे शिक्षण थांबते. ही दुसरी चिंता हलकी करण्याचे एक साधन म्हणजे आरोग्यविमा. भारतात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही पॉलिसी आणली. १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या आणि आता निवडायला पॉलिस्या इतक्या आहेत, की कोणती घ्यावी हेच कळेनासे होते.

निर्णय घरातली मोठी माणसे घेतात हे खरे. पण बारीक अक्षरांतले ते इंग्रजी कागद पुष्कळ घरांत तुमच्याच हाती वाचायला दिले जातात. त्या कागदांमागचे गणित शाळेच्या पुस्तकापेक्षा फारसे अवघड नाही. चला, आज आपण ते सोडवून पाहू.

भिशी आणि विमा

भिशी तुम्हाला ठाऊक असेल. बाराजण दरमहा पैसे घालतात आणि प्रत्येकाला केव्हातरी सगळी रक्कम मिळते. विम्यातही सर्वजण पैसे घालतात, परंतु रक्कम मिळते ती ज्याच्यावर संकट आले त्यालाच. बाकीच्यांना काहीच मिळत नाही.

समजा, एका गावात १०० घरे आहेत. दरवर्षी त्यांपैकी सरासरी ५ घरांत कुणीतरी इस्पितळात जाते आणि प्रत्येक वेळी १,००,००० रुपये खर्च येतो. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) एकूण खर्च ५,००,००० रुपये. तो १०० घरांत वाटला, तर प्रत्येक घराच्या वाट्याला ५,००० रुपये येतात. हाच विम्याच्या हप्त्याचा गाभा.

पण एक अडचण आहे. दरवर्षी बरोबर ५ च घरांवर संकट येईल कशावरून?

करून पाहा

एका डब्यात सारख्या आकाराच्या २० चिठ्ठ्या टाका. त्यांपैकी एकीवर लाल खूण करा. वर्गातल्या प्रत्येकाने डबा हलवून, न बघता एक चिठ्ठी काढावी, खूण आहे का ते पाहावे आणि चिठ्ठी परत टाकावी. लाल खूण निघण्याची संभाव्यता १/२०, म्हणजे ५ टक्के. वर्गात ४० मुले असतील तर लाल चिठ्ठी सरासरी २ वेळा निघायला हवी. प्रत्यक्षात कधी एकदाही निघणार नाही, तर कधी ४-५ वेळा निघेल. आता हाच प्रयोग १० वेळा करून सर्व ४०० निकालांची बेरीज करा. ती २० च्या बऱ्यापैकी जवळ आलेली दिसेल.

संख्या वाढली की सरासरी स्थिरावते. या नियमाची सिद्धता याकोब बेर्नूली या स्विस गणितज्ञाने दिली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १६९३ मध्ये एडमंड हॅलेने (ज्याच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे तोच हा हॅले) एका शहरातील मृत्यूंच्या नोंदी मांडून कोणत्या वयात मरणाची शक्यता किती, याचे कोष्टक तयार केले होते. विमाशास्त्र या दोन खांबांवर उभे आहे.

आपल्या गावाचेच पाहा. घरे १०० असतील, तर आजारी घरांची संख्या १०० पैकी सुमारे ९५ वर्षी १ ते ९ यांच्या दरम्यान राहील. म्हणजे एखाद्या वर्षी गल्ला शिलकीत, तर एखाद्या वर्षी रिकामा! पण घरे १०,००० असतील तर सरासरी ५००, आणि तितक्याच खात्रीने संख्या ४५६ ते ५४४ यांच्या दरम्यान राहील. एका घराचे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही, परंतु दहा हजार घरांचे काय होईल हे पुष्कळ अंशी सांगता येते.

हा तोट्याचा व्यवहार आहे काय?

कंपनीला कचेरी चालवायची असते, एजंटाला दलाली द्यायची असते, नफाही हवा असतो. त्यामुळे ५,००० च्या जागी हप्ता, समजा, ७,००० रुपये ठरतो. म्हणजे सरासरीच्या भाषेत विमेदार दरवर्षी २,००० रुपये जास्तच देतो. मग विमा घ्यावाच कशाला?

कारण माणूस सरासरीवर जगत नाही. वर्षाला ७,००० रुपये गेले तर घर चालते. एकाएकी ८ लाखांचे बिल आले तर घर मोडते. अनिश्चित पण मोठ्या हानीच्या बदल्यात निश्चित पण लहान खर्च पत्करणे, हाच विम्याचा अर्थ. हप्ता भरला आणि आजार आला नाही, तर पैसे वाया गेले असे समजू नये. दाराला कुलूप लावले आणि चोर आला नाही, म्हणून कुलूप वाया गेले असे आपण कुठे म्हणतो?

या विवेचनातून निवडीचा मुख्य नियम निघतो: जो खर्च आपण स्वतः सोसू शकतो त्यासाठी विम्यावर पैसा घालवू नये, जो सोसणे अशक्य आहे त्याचा विमा आधी उतरवावा. चष्म्याचे पैसे किंवा दवाखान्याच्या किरकोळ फिया देणारी, पण विम्याची रक्कम अवघी २ लाख असलेली पॉलिसी आकर्षक दिसते. तथापि संकटाच्या वेळी ती अपुरी पडते. आता या नियमाच्या कसोटीवर पॉलिसीतल्या चार अटी घासून पाहू.

पहिली अट: बिलात आपला वाटा

काही पॉलिस्यांत प्रत्येक बिलाचा ठरावीक टक्का विमेदाराने भरायचा असतो. याला को-पे म्हणतात. दुसऱ्या काहींत सुरुवातीची ठरावीक रक्कम विमेदाराची आणि त्यापुढील कंपनीची, अशी अट असते. तिला डिडक्टिबल म्हणतात. समजा, 'क' पॉलिसीत को-पे २० टक्के आहे आणि 'ड' पॉलिसीत डिडक्टिबल २५,००० रुपये आहे. बाकी सर्व अटी सारख्या आहेत. कोणती बरी?

बिल 'क्ष' रुपये धरा. 'क' मध्ये आपला वाटा क्ष/५. 'ड' मध्ये २५,००० (बिल त्याहून मोठे असेल तर). दोन्ही समान केव्हा होतील? क्ष/५ = २५,०००, म्हणून क्ष = १,२५,०००.

आलेखकागदावर दोन्ही रेषा काढा. एक तिरकी चढत जाईल, दुसरी २५,००० पाशी आडवी होईल. बिल ४०,००० असेल तर 'क' मध्ये ८,००० आणि 'ड' मध्ये २५,००० द्यावे लागतात. येथे 'क' बरी. पण बिल ८,००,००० असेल तर 'क' मध्ये १,६०,००० द्यावे लागतात, आणि 'ड' मध्ये तेच २५,०००. घर मोडते ते मोठ्या बिलाने. म्हणून आपल्या नियमाप्रमाणे 'ड' अधिक सुरक्षित, मात्र २५,००० रुपये घरात शिल्लक हवेत.

दुसरी अट: खोलीचे भाडे

ही अट वरवर क्षुल्लक वाटते, पण पुष्कळांची निराशा येथेच होते. समजा, विम्याची रक्कम ३,००,००० आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रुग्ण ६,००० रुपयांच्या खोलीत ५ दिवस राहिला. बिल असे आले: खोली ३०,०००, शस्त्रक्रिया, डॉक्टर व परिचर्या १,१०,०००, औषधे व तपासण्या ४०,०००. एकूण १,८०,०००.

घरच्यांना वाटते, की भाड्यातले १५,००० तेवढे आपण द्यायचे. पण अनेक पॉलिस्यांत कपात प्रमाणात होते. मर्यादा भाड्याच्या निम्मी, म्हणून शस्त्रक्रियेचा व डॉक्टरांचा खर्चही निम्माच मिळतो. औषधे व तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. तेव्हा कंपनी देणार १५,००० + ५५,००० + ४०,००० = १,१०,०००. उरलेले ७०,००० रुपये घरातून! खोलीनुसार इतर दर न बदलणाऱ्या इस्पितळात ही कपात करता येत नाही. शक्यतो भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी. नाहीतर मर्यादेत बसेल अशीच खोली मागावी.

तिसरी अट: प्रतीक्षा काळ

पॉलिसी घेतल्यानंतर पहिले ३० दिवस, अपघात सोडून, इतर आजारांचा खर्च सहसा मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने ठरवण्यात आला आहे. ही अट जाचक वाटते. परंतु ती नसती तर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील. आपल्या गावातली ५० निरोगी घरे गल्ल्यातून बाहेर पडली, तर तेच ५,००,००० रुपये उरलेल्या ५० घरांवर येतील आणि वाटा ५,००० चा १०,००० होईल. मग आणखी काही घरे बाहेर पडतील आणि शेवटी गल्लाच मोडेल. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ही प्रक्रिया उलगडून दाखवली. २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. विमा निरोगी असतानाच घ्यावा आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब काहीही लपवू नये. 'हे लिहू नका, हप्ता वाढेल' असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर येते आणि मग भरलेल्या हप्त्यांचा उपयोग होत नाही.

चौथी अट: सर्वांना मिळून एक की प्रत्येकाला वेगळी?

चौघांच्या कुटुंबाने मिळून ५ लाखांची एक पॉलिसी घ्यावी, की प्रत्येकाची निराळी? एका माणसाची इस्पितळात जाण्याची संभाव्यता १/२० धरू. चौघांपैकी कुणीच न जाण्याची संभाव्यता (१९/२०)⁴ = ०.८१४५. नेमक्या एकानेच जाण्याची ४ × (१/२०) × (१९/२०)³ = ०.१७१५. म्हणजे दोघे किंवा अधिकजण जाण्याची शक्यता केवळ ०.०१४, सुमारे ७० वर्षांतून एकदा. एकत्रित पॉलिसी स्वस्त का पडते हे आता कळले ना?

पण सावधान! या गुणाकारात चौघांचे आजार परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे आपण मानले. एकाच घरात राहणारे, एकाच गाडीतून जाणारे लोक तसे नसतात. २०२०-२१ च्या करोना साथीत घरेच्या घरे एकदम आजारी पडली. म्हणून एकत्रित पॉलिसी घेताना रक्कम जरा मोठी असावी. घरात वृद्ध असतील तर त्यांची निराळी घेणे बहुधा सोयीचे, कारण एकत्रित पॉलिसीचा हप्ता सर्वांत वडील माणसाच्या वयावर ठरतो.

सही करण्यापूर्वी

आधी घरात काय आहे ते पाहा. पालकांना कर्मचारी राज्य विमा योजना किंवा नोकरीतला विमा आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का? जे संरक्षण आधीच आहे, त्याच्या पुढचा विमा घ्यावा. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते. ते मागणी केल्यास आपल्या भाषेतही मिळायला हवे, म्हणून ते मराठीत मागा आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते. क्लेमबाबत अन्याय वाटला, तर प्रथम कंपनीकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत.

पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला, की कागद-पेन्सिल घेऊन वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसा. 'हप्ता किती?' हा प्रश्न सगळेच विचारतात. 'बिल आठ लाखांचे आले तर आपल्या घरातून किती जातील?' हा प्रश्न तुम्ही विचारा.

स्वाध्याय

१. एका पॉलिसीत को-पे १० टक्के, दुसरीत डिडक्टिबल ३०,००० रुपये आहे. किती रुपयांच्या बिलाला दोन्ही समान पडतील?

२. खोलीभाड्याची मर्यादा रोज ४,०००. खोली घेतली रोज ५,००० ची, ५ दिवस. शस्त्रक्रिया व डॉक्टरांचा खर्च १,००,०००. कपात प्रमाणात होत असेल तर घरातून किती द्यावे लागतील?

३. संभाव्यता प्रत्येकी १/२० असेल, तर तिघांच्या कुटुंबात निदान एकाने इस्पितळात जाण्याची शक्यता किती?

(उत्तरे: १. ३,००,००० रुपये. २. २५,००० रुपये. ३. सुमारे १४.३ टक्के.)