हिस्लॉप साहेबांचे गोटे आणि पत्रे

नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे, हे तुम्हांला माहीतच असेल. ते १८८३ साली निघाले. पण हिस्लॉप कोण होते असे विचारले, तर मोठी माणसेसुद्धा गप्प बसतात. म्हणून मी ही माहिती लिहीत आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंड देशातले पाद्री. त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. १८४५ साली ते नागपूरला आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. ते शाळा चालवायचे, धर्माचे काम करायचे, आणि वेळ मिळाला की गोटे गोळा करायचे. गोटे म्हणजे खेळायच्या गोट्या नव्हेत बरं का, दगड!

१८५१ साली ते आणि त्यांचे सोबती हंटर साहेब नागपूरजवळ टाकळीकडे फिरायला गेले होते. तिथे त्यांना दगडात गोगलगायी दिसल्या. जिवंत नाही, दगड झालेल्या. त्यांना जीवाश्म म्हणतात.

आता दगडात गोगलगाय शिरली कशी? आपल्याकडचा काळा दगड आधी पातळ आणि लालबुंद होता. जमिनीच्या भेगांतून तो रस वर आला, पसरला आणि थंड झाला. त्या रसात गोगलगाय पडली असती तर जळून खाक झाली असती. पण रस एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा आला. मधात पुष्कळ वर्षे शांत जायची. पाऊस पडायचा, तळी भरायची, तळ्यात गोगलगायी व्हायच्या. त्या मेल्या की चिखलात रुतायच्या. मग वरून पुन्हा रस आला आणि चिखल झाकला गेला. दोन भाकरींच्या मधात चटणी असावी तसा तो थर आहे. हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. सापडलेल्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या होत्या, म्हणून तिथे समुद्र नव्हता, तळे होते, हे कळले.

साहेबांनी गोटे घरी ठेवून दिले नाहीत. खोक्यात भरून लंडनला पाठवले आणि सोबत लिहून पाठवले. नागपूरला रेल्वे १८६७ साली आली, सुएझचा कालवा १८६९ साली झाला, म्हणजे त्यांच्या वेळी दोन्ही नव्हते. गोटे बैलगाडीसारख्या वाहनाने मुंबईपर्यंत आणि पुढे जहाजाने जायचे. पण ते पोचायचे! १८५५ साली हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या दगडांवरचा लेख लंडनला छापून आला.

मला वाटते, गोट्यापेक्षा सोबतचे लिहिणे जास्त मोलाचे. गोटा कोणत्या गावी सापडला, वर कोणता थर होता, खाली कोणता, हे लिहिले नाही तर लंडनच्या माणसाला काय समजणार? तो काही टाकळीला येऊन पाहणार नव्हता. चिठ्ठी हरवली की गोटा नुसता गोटाच.

पत्रे आणि गोटे कोणाकोणाकडे गेले ते ऐका. मांगली गावाजवळ एका प्राण्याची कवटी सापडली. ती रिचर्ड ओवेन यांनी पाहिली. डायनासोर हा शब्द १८४२ साली तयार करणारे ते हेच! त्यांनी या प्राण्याचे नाव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स ठेवले. म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. तो बेडकाच्या लांबच्या नात्यातला होता. अँड्र्यू मरे यांनी १८६० साली नागपूरच्या दगडातल्या भुंग्यांवर लिहिले. भुंग्याच्या पाठीवरचे कडक पंख दगडात राहिले होते. एवढी नाजूक वस्तू कशी टिकली याचे मला फार नवल वाटते.

कामठीजवळ सिलेवाड्याच्या खाणीत पाने सापडली. त्यांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली लिहिले. त्यांतले एक पान जिभेसारखे असते, त्याला ग्लोसॉप्टेरिस म्हणतात. तसेच पान ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेतही सापडते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परत येताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मेले, त्यांच्याजवळच्या गोट्यांतही हेच पान निघाले. म्हणजे हे सारे देश पूर्वी जोडलेले होते. त्या जुन्या भूमीला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्याकडच्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडले आहे.

मुंबईला कार्टर नावाचे डॉक्टर होते. नागपूरच्या तळ्यात राहणाऱ्या एका बारीक प्राण्याचे वर्णन त्यांनी १८५८ साली छापले. तो पाण्यात पापुद्र्यासारखा चिकटून राहतो. त्याचे नाव हिस्लोपिया. दुसऱ्याने आपले नाव प्राण्याला द्यावे, याहून मोठे बक्षीस कोणते!

१८६३ साली हिस्लॉप साहेब रिचर्ड टेंपल साहेबांबरोबर बुटीबोरीकडे टाकळघाटला गेले. तिथे जुन्या लोकांनी मेलेल्या माणसांसाठी रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. ती पाहून बाकीचे पुढे निघाले. हिस्लॉप साहेब तिथली शाळा तपासायला मागे थांबले. परत येताना संध्याकाळ झाली आणि नाल्याला पूर होता. मुक्कामाला घोडा एकटाच आला. घोड्यावर कोणी नाही हे पाहून लोक शोधायला धावले. साहेब बुडून मेले होते. तो दिवस ४ सप्टेंबर. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षे पूर्ण झाली असती.

टाकळघाटला पुढे १९६८-६९ साली शां. भा. देव यांनी खोदकाम केले.

साहेबांचे पुष्कळ कागद घरी तसेच राहिले होते. गोंड आणि दुसऱ्या आदिवासी लोकांची माहिती त्यांत होती. टेंपल साहेबांनी ते कागद गोळा केले, नीट लावले आणि १८६६ साली त्यांचे पुस्तक छापले. लिंगोचे गाणे त्यात गोंडी शब्दांत आहे.