मळ्याचा कारभारी



आजच्या शुभवर्तमानातील (मत्तय 20:1-16) द्राक्षमळ्याच्या धन्याबद्दल आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज त्याच्या कारभाऱ्याकडे पाहू या. आठव्या वचनात तो येतो आणि लगेच नाहीसा होतो. त्याला नाव नाही, तोंडी एक शब्दही नाही.

लॅटिन बायबलमध्ये त्याला 'प्रोकुरातोर' म्हटले आहे. 'प्रो' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने आणि 'कुरा' म्हणजे काळजी. दुसऱ्याच्या वतीने काळजी वाहणारा, असा त्याचा अर्थ. 'मिळवून आणणे, खरेदी करणे' हा अर्थ पुढे त्यातूनच निघाला. सेमिनरीत आमच्यासाठी तांदूळ, डाळ, रॉकेल आणणाऱ्या फादरांना आम्ही प्रोक्युरेटर म्हणत असू. आमटी पातळ झाली की सगळे त्यांच्याकडेच पाहत!

रोममध्ये ज्याला स्वतः कचेरीत जाता येत नसे तो आपला प्रोकुरातोर पाठवी. श्रीमंतांच्या शेतीवाडीवर असे कारभारी असत. पुढे बादशहाचा महसूल गोळा करणाऱ्यांना आणि लहान प्रांतांच्या सुभेदारांनाही हेच नाव मिळाले. प्रेषितांची कृत्ये (अध्याय 24) मधील फेलिक्स असाच एक. पौलाकडून पैसे मिळतील या आशेने त्याने त्याला वारंवार बोलावले आणि दोन वर्षे कैदेत ठेवले. पंतय पिलातालाही इतिहासकार टॅसिटस याने प्रोकुरातोर म्हटले आहे. मात्र 1961 साली कैसरिया येथे सापडलेल्या शिळेवर त्याचा हुद्दा 'प्रीफेक्ट' असा कोरलेला आहे. हुद्दा कोणताही असो, ज्याच्या हाती दुसऱ्याचा अधिकार होता त्याने ऐन वेळी पाणी मागवून ते हात धुतले.

आपल्याकडेही ही पदे होती. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले आणि प्रल्हाद निराजी पहिले प्रतिनिधी झाले. सरदारांच्या वतीने कारभार पाहणारे ते मुतालिक. ते आडनाव आजही आहे. 1784 साली दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना 'वकील-इ-मुतलक' केले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी शिंदे काम पाहू लागले. म्हणजे प्रतिनिधीचा प्रतिनिधी! गोव्यात चर्चच्या आणि गावकरीच्या कारभारात 'प्रोकुरादोर' असतो. आपल्या तहसील कचेरीबाहेर तेच काम मुखत्यारपत्र करते.

ख्रिस्तसभेचा कायदाही प्रोकुरातोर जाणतो. वर किंवा वधू हजर राहू शकत नसेल तर प्रतिनिधीमार्फत विवाह होऊ शकतो (नियम 1105). परंतु ठराविक व्यक्तीशी विवाहासाठी खास लेखी अधिकार द्यावा लागतो. आणि विवाहापूर्वी मूळ व्यक्तीने तो अधिकार काढून घेतला, तर प्रतिनिधीला त्याची खबर नसली तरी विवाह होत नाही. हात प्रतिनिधीचा असला तरी इच्छा त्याची नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी भागातून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या वतीने माणसे मिळवून आणणारा असतो मुकादम. तो उचल देतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतो, आजारपणाचा खाडा लावतो आणि शेवटी हिशेब करतो. चांगले मुकादम मी पाहिले आहेत. आजारी बाईला रात्री दवाखान्यात नेणारेही. पण उचल किती घेतली आणि किती फिटली हे फक्त त्याच्याच वहीत असेल, तर मजुराजवळ काय उरते? पुढच्या वर्षी पुन्हा जाण्याची सक्ती.

म्हणून दाखल्यातील त्या मुक्या कारभाऱ्याचे मला विशेष वाटते. विचार करा, संध्याकाळी एक तास राबलेल्या माणसाला द्यायला त्याच्या हाती पूर्ण दिनार आहे. त्या माणसाशी मजुरीचा आकडाही ठरलेला नव्हता. "तुम्हीही मळ्यात जा" एवढेच सांगितलेले. पाव दिनार हातावर ठेवून बाकीचे खिशात घातले असते, तर तो बिचारा आभार मानून गेला असता! पण धन्याने शेवटच्यापासून सुरुवात करायला सांगितले. दिवसभर राबलेले सगळे उभे राहून पाहत होते. देणे उघड्यावर झाले, त्या दिवशीच झाले, सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी या अनुवादाच्या आज्ञेप्रमाणे (24:15). कुरकुर झाली, पण ती धन्याच्या उदारपणाबद्दल. कारभाऱ्याने पैसे खाल्ले असे कोणी म्हटले नाही.

यंदा उचल घेणाऱ्या कुटुंबांनी आकडा स्वतःच्या वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घ्यावी. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. वाचता येत नसेल तर कागद घेऊन मिस्सानंतर माझ्याकडे यावे. आपल्यातील जे मुकादम आहेत त्यांनीही यावे, वही घेऊन. दोन्ही वह्या एकाच टेबलावर ठेवू.