आधी विचारा : बंद कधी पडतो?



फायनल इयरच्या प्रोजेक्टचं सिम्युलेशन रात्री लावून मी झोपलो होतो. सकाळी पाहतो तर स्क्रीनवर लॉगिनची खिडकी! मशीन मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं आणि रात्रभराचं काम पाण्यात. ही तिसरी वेळ. सबमिशनला नऊ दिवस उरलेले.

हॉस्टेलवर सल्ल्यांना काय तोटा? "व्हायरस असेल." "रॅम गेली बघ." "विंडोज परत टाक." मी विंडोज परत टाकलं, त्यात एक दिवस गेला, फरक शून्य. मग डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात नेलं. कॅबिनेट न उघडताच "मदरबोर्ड बदलावा लागेल" असं उत्तर मिळालं. आकडा ऐकून कॅबिनेट रिक्षात घालून परत आणलं. बाबांना फोन करायचं धाडस होईना.

शेवटी लॅबमधल्या काकांना गाठलं. त्यांनी एकच विचारलं, "बंद कधी पडतो?" मी गप्प. "आधी ते लिहून काढ, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घे."

दिवसभर नोंदी केल्या. नुसतं टायपिंग केलं तर मशीन तासन् तास चालतं. सिम्युलेशन लावलं की वीस मिनिटांत बंद. लगेच सुरू केलं तर पाच मिनिटांत पुन्हा बंद. अर्धा तास थांबलं तर परत वीस मिनिटं. दुपारी लवकर पडतं, पहाटे उशिरा. व्हायरसला ऊन-सावली कळत नाही. म्हणजे भानगड उष्णतेची! एचडब्ल्यूमॉनिटर हा प्रोग्रॅम टाकून तापमान पाहिलं (लिनक्सवाल्यांनी 'सेन्सर्स' ही कमांड वापरावी). रिकामं असताना ६२ अंश, लोडवर ९८. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो.

गणित सोपं आहे. तापमानातली वाढ = पॉवर × थर्मल रेझिस्टन्स. प्रोसेसर ६५ वॅटचा आणि हीटसिंक दर वॅटला अर्धा अंश चढू देणारा धरा. वाढ साधारण ३३ अंश. खोली ३५ वर, म्हणजे प्रोसेसर ६८ वर. धुळीने रेझिस्टन्स दुप्पट झाला की वाढ ६५ आणि प्रोसेसर थेट १०० वर! पहाटे खोली २५ वर असली तर तोच प्रोसेसर ९० वर निभावून नेतो.

कॅबिनेट उघडलं. पंखा छान फिरत होता, म्हणून आधी फसलो. पंखा काढला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची अख्खी गोधडी. आमची खिडकी कल्याण-शीळ रस्त्याकडे, तिथे ट्रकांची रीघ, शेजारी एमआयडीसी. त्यात खाडीकडची दमट हवा, त्यामुळे धूळ उडून न जाता चिकटून बसते. ठाण्याला घोडबंदर रोडवर मामाकडेही मेट्रोच्या कामाच्या दिवसांत हीच तऱ्हा होती.

सफाई अशी करा :

१. शट डाऊन करून वायर काढा. पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल.

२. कॅबिनेट गॅलरीत न्या, नाकाला रुमाल बांधा. रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सोडवा, मग ब्लोअर लांबून मारा. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको.

३. हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. हवेपेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ नऊ हजार पट चांगलं उष्णतावाहक आहे. मधली हवेची फट पेस्टनेच भरून निघते.

४. एसएमपीएस कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. जाळी बाहेरूनच झाडा.

माझं मशीन लोडवर ७० अंशांवर आलं. त्या रात्री सिम्युलेशन पूर्ण झालं, सबमिशन वेळेत झालं. खर्च ब्रश आणि पेस्टच्या ट्यूबचा.

तापमान ठीक असूनही मशीन पडत असेल तर मेमटेस्टने रॅम तपासा, मग मित्राचा एसएमपीएस लावून पाहा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठला होता ते कळणारच नाही.

आता कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलंय, भिंतीपासून वीतभर लांब. दर दोन महिन्यांनी रविवारी सफाई. ब्रश माझ्याकडे आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. फक्त येताना सांगा, बंद कधी पडतो?